जोडून आलेली सुट्टी आणि चढता पारा : आपल्या ठिकाणापुरता हवामान अंदाज कसा मांडावा

वसंतातली जोडून आलेली सुट्टी जवळ आली की मोबाइलवरचं हवामानाचं ॲप एक सोपं चित्र दाखवतं. शुक्रवारी १६, शनिवारी २०, रविवारी २५, सोमवारी २१. प्रत्येक आकड्यावर एक सूर्य, शेवटच्या सूर्याआड छोटासा ढग. एवढ्यावर लोक सहली ठरवतात, आणि मग शनिवारी सकाळी कुडकुडतात, रविवारी दुपारी भाजून निघतात, सोमवारी परतीच्या वाटेवर गारांच्या माऱ्यात सापडतात. गंमत म्हणजे ॲपचा आकडा बहुतेक वेळा चुकलेला नसतो. दिवसाचं कमाल तापमान ही दुपारी तीन-चारच्या सुमारास तास-दीड तास टिकणारी अवस्था आहे. उरलेल्या दिवसाबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

म्हणून इथे जी पद्धत सांगतो आहे तिचा पाया एकच आहे : पारा किती चढणार हे विचारण्याआधी तो का चढतोय हे विचारा. कारण कळलं की रात्र कशी जाईल, वारा कुठून सुटेल आणि ही ऊब कशाने मोडेल, हे बरंचसं त्यातूनच निघतं. ही पद्धत हिवाळा आणि वसंत हे दोन वेगळे ऋतू जाणवतात अशा समशीतोष्ण पट्ट्यासाठी आहे. दिशा उत्तर गोलार्धाच्या धरल्या आहेत. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर उत्तर-दक्षिण उलटी करून वाचा.

पहिली पायरी : कधी काय बघायचं

दहा दिवस आधी अंदाज बघणं हा विरंगुळा आहे, नियोजन नव्हे. १९६३ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवलं की सुरुवातीच्या स्थितीतला अगदी बारीक फरक पुढे मोठा होत जातो, आणि ती मर्यादा महासंगणक आल्यावरही पुसली गेलेली नाही. ती मागे मात्र सरकली आहे. गेल्या काही दशकांत अंदाजाची उपयुक्तता साधारण दर दहा वर्षांना एक दिवस या गतीने वाढत आली. म्हणजे आजचा पाच दिवसांचा अंदाज वीस वर्षांपूर्वीच्या तीन दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा असतो.

पाच दिवस आधी फक्त कल बघा : तापतंय की नाही, आणि साधारण कोणत्या दिवशी ते मोडेल. तीन दिवस आधी कारण शोधा आणि आकडे लिहून ठेवा. आदल्या दिवशी तासातासाचा अंदाज बघा. त्या दिवशी सकाळी अंदाज बाजूला ठेवून आधी खिडकीबाहेर बघा.

अंदाज काढणारी मोठी जागतिक संगणकीय मॉडेलं जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे (UTC) ००, ०६, १२ आणि १८ वाजताच्या निरीक्षणांवरून चालवली जातात आणि त्यांचे निकाल काही तासांनी हाती येतात. त्यामुळे दर तासाला ॲप उघडून फारसं काही नवं मिळत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पुरे.

याच टप्प्यावर एक गोष्ट जरूर करा, ती म्हणजे समूह अंदाज बघा. युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र एकच अंदाज काढून थांबत नाही. सुरुवातीच्या स्थितीत थोडे थोडे बदल करून पन्नास वेगळ्या धावा घेतं. त्यांचा आलेख अनेक संकेतस्थळांवर फुकट दिसतो. रविवारी सगळ्या रेषा २४ ते २७ च्या पट्ट्यात दाटीने चालल्या असतील तर निर्धास्त राहा. सोमवारी मात्र निम्म्या रेषा २७ वर आणि निम्म्या १५ वर असतील, तर ॲप त्यांच्या मधला २१ हा आकडा दाखवण्याची शक्यता असते, आणि प्रत्यक्षात २१ होण्याची शक्यता सगळ्यात कमी असते! तिथे खरा प्रश्न तापमानाचा नसून वेळेचा आहे : थंड हवा दुपारच्या आत पोचते की दुपारनंतर. सुट्टीच्या शेवटच्या दिवसाबाबत अशी दुफळी वसंतात वरचेवर दिसते.

दुसरी पायरी : तापतंय कशामुळे

समदाब रेषांचा नकाशा उघडा. राष्ट्रीय हवामान संस्थांच्या संकेतस्थळांवर तो असतोच. वसंतातल्या तापण्याची मुख्यतः तीन कारणं असतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिलं कारण जास्त दाबाचं क्षेत्र. त्यात हवा वरून हळूहळू खाली बसते. खाली येताना दाबली जाते आणि कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास ९.८ अंशांनी तापते. ढग विरून जातात, ऊन निर्वेध पोचतं, वारा पडतो. दिवस छान होतो, पण तेच निरभ्र आकाश रात्री जमिनीची उष्णता मुकाट्याने वर सोडून देतं. त्यामुळे दिवस आणि रात्र यांत पंधरा-वीस अंशांचं अंतर पडू शकतं. खोलगट जागी पहाटे धुकं साचतं, आणि जमिनीलगत थंड हवेचा थर अडकला की धूरही तिथेच घुटमळतो.

दुसरं कारण आयात केलेली ऊब. जास्त दाबाचं केंद्र पूर्वेला सरकलं की त्याच्या मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने दक्षिणेकडचा वारा सुरू होतो आणि उबदार हवा वाहून आणतो. अशा वेळी रात्रीही उबदार राहतात, वारा झोतांचा असतो, आकाशात पातळ उंच ढगांचे पडदे येतात. हे तापणं उसनं असतं. बहुतेकदा त्याच्या मागोमाग शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येते आणि ते परत घेऊन जाते.

तिसरं कारण डोंगर उतरून येणारा वारा. आल्प्समध्ये त्याला ‘फोन’ (Föhn) म्हणतात, रॉकी पर्वतांच्या पूर्वेला चिनूक. डोंगर ओलांडताना पाऊस किंवा बर्फ पलीकडेच पडून जातं आणि कोरडी झालेली हवा उतारावरून घसरताना तापते. यातला बदल किती अचानक असू शकतो याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा राज्यातल्या स्पिअरफिश गावचं आहे. २२ जानेवारी १९४३ ला सकाळी तिथे दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून ७ अंशांवर गेलं. आणखी चढत ते १२ पर्यंत पोचलं, आणि वारा थांबताच सत्तावीस मिनिटांत पुन्हा उणे २० वर आलं. ते हिवाळ्यातलं असलं तरी धडा वसंतालाही लागू आहे : डोंगराच्या पायथ्याशी असाल तर ऊब वाऱ्यावर टिकून असते, घड्याळावर नव्हे.

आता हे तिन्ही प्रकार एका सुट्टीत एकापाठोपाठ येऊ शकतात, हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. वसंतातल्या तापत्या सुट्टीची नेहमीची वाटचाल अशी असते. शुक्रवारी जास्त दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडून येतंय, वारा अजून उत्तरेचा, ऊन आहे पण हवेत धार आहे, रात्र कडक थंड. शनिवारी केंद्र माथ्यावर, वारा जवळपास नाही, सकाळ गार आणि दुपार सुखाची. रविवारी केंद्र पूर्वेला गेलेलं, दक्षिणेचा वारा, पारा सगळ्यात वर, रात्रही उबदार. सोमवारी ढगांची चाहूल, वारा जोर धरतो, आणि मग आघाडी. आपली सुट्टी या साखळीत नेमकी कुठे बसते ते ठरवा. कागदावर प्रत्येक दिवसापुढे एक शब्द लिहा : ‘बसती हवा’, ‘दक्षिणेचा वारा’, ‘आघाडी’. अंदाजाचं निम्मं काम इथेच उरकतं.

तिसरी पायरी : आकडा आपल्या जागेवर आणा

ॲपमधला आकडा तुमच्या अंगणाचा नसतो. युरोपीय केंद्राच्या मॉडेलची जाळी सुमारे ९ किलोमीटरची आहे. अमेरिकेच्या जागतिक मॉडेलची सुमारे १३ किलोमीटरची. त्या चौकटीत एक अख्खी दरी, तिच्या दोन्ही बाजूंचे उतार आणि वरचं पठार मावून जातं, आणि मॉडेल त्या सगळ्यांची एकच सरासरी उंची धरतं. काही ॲप ही तफावत थोडीफार दुरुस्त करतात. तुम्ही स्वतःही करू शकता.

वातावरणात ८५० हेक्टोपास्कल दाबाची पातळी साधारण १५०० मीटर उंचीवर असते आणि तिथलं तापमान जवळपास प्रत्येक हवामान संकेतस्थळ नकाशावर दाखवतं. निरभ्र दिवशी दुपारी जमिनीपासून तिथपर्यंतची हवा चांगली ढवळली गेली असेल, तर खाली येताना दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश मिळवायचा. समजा त्या पातळीवर १२ अंश आहेत. समुद्रसपाटीजवळच्या गावात कमाल तापमान २७ च्या आसपास जाईल. ६०० मीटर उंचीवरच्या गावात २१ च्या. जमीन ओली असेल, बर्फ वितळायचं राहिलं असेल किंवा ऋतू अगदीच कोवळा असेल तर ढवळणं वरपर्यंत पोचत नाही. तेव्हा दोन-तीन अंश कमी धरा. ही ढोबळ रीत आहे, पण ती ॲपच्या आकड्याशी चार-पाच अंशांनी फटकून असेल तर कुठेतरी ढग, धुकं किंवा समुद्री वारा हिशेबात आहे असं समजा आणि तो कुठे आहे ते शोधा.

शहरात राहणाऱ्यांनी कमाल तापमानाला फारसा हात लावू नये, पण रात्रीच्या किमान तापमानात दोन-तीन अंश वाढवावेत; शांत निरभ्र रात्री दाट वस्तीत फरक याहूनही मोठा असतो. उलट, खोलगट शेतजमीन, नदीकाठ, डोंगरांमधली बशीसारखी जागा इथे थंड हवा ओघळून साचते. तंबू तिथे टाकणार असाल तर ॲपच्या किमान आकड्यातून तीन-चार अंश निःसंकोच वजा करा.

आणखी एक. अधिकृत तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीत मोजतात. स्वच्छ, निवांत रात्री गवताच्या पात्याजवळचं तापमान त्याहून कित्येक अंश खाली असतं. म्हणून अंदाजात किमान ३ असलं तरी सकाळी गाडीच्या काचेवर आणि कोवळ्या रोपांवर दहिवर गोठलेलं सापडतं. बागेत लवकर रोपं लावली असतील तर शुक्रवारी रात्री ती झाका. दोन दिवसांनी २५ अंश होणार आहेत याचं त्या रोपांना काही घेणं-देणं नसतं.

चौथी पायरी : पाणी जवळ असेल तर वेगळा हिशेब

वसंतात हवा तापते, पाणी तापत नाही. समुद्र आणि मोठी तळी हवेच्या मागे कित्येक आठवडे रेंगाळतात. त्यातून दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही सुट्टीवर थेट परिणाम करतात.

पहिली, समुद्री वारा. दुपार होण्याआधी जमीन पाण्यापेक्षा पुरेशी तापली की पाण्यावरची गार हवा आत शिरते. किनाऱ्यावर तापमान काही मिनिटांत सहा-सात अंशांनी उतरू शकतं, तर वीस किलोमीटर आत लोक घामाघूम असतात. जमीन आणि पाणी यांतली तफावत वसंतात मोठी असते, म्हणून हा खेळ तेव्हा रंगतो. ओळखायचं कसं? पसरट, कमकुवत वाऱ्याचा दिवस असेल, म्हणजे आपल्या कागदावर ‘बसती हवा’ असेल, तर समुद्री वारा येणार असंच धरा. जमिनीकडून पाण्याकडे जोराचा वारा असेल तर तो अडतो, आणि किनाराही आतल्या भागाइतकाच तापतो. थोडक्यात, शनिवारी किनाऱ्यावर जाकीट लागेल आणि रविवारी लागणार नाही, असं होऊ शकतं. दोन्ही दिवशी ऊन तेवढंच असूनही.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. हवा २५ अंश असताना पाणी १० अंश असू शकतं. १५ अंशांहून थंड पाण्यात एकदम पडलं की धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही, आणि डोकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी लक्षात ठेवायला सोपा हिशेब दिला आहे : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतील अशी दहा मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपण्याआधी साधारण एक तास. तेव्हा होडीत बसताना कपडे हवेच्या तापमानाचे न घालता पाण्याच्या तापमानाचे घाला आणि जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेलं असू द्या. होडीच्या तळाशी ठेवलेलं काही कामाचं नाही. पाण्याचं तापमान अंदाजात सापडलं नाही तर किनाऱ्यावरच्या निरीक्षण केंद्राचं किंवा तरंगत्या बोयाचं मोजमाप बघा. बर्फाळ डोंगरांतून येणाऱ्या नद्यांना तर याच्या जोडीला आणखी एक सवय असते : उन्हाने वितळलेलं पाणी त्यांच्यात दुपारी उशिरा ते रात्रीपर्यंत चढतं. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी परत ओलांडता येईलच असं नाही.

पाचवी पायरी : दिवसाचे तास पाडा

आता तासातासाचा अंदाज उघडा आणि त्यात चार रकाने बघा : तापमान, दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड झाली की दव पडू लागतं ते), वाऱ्याचे झोत, ढग.

सगळ्यात थंड वेळ मध्यरात्र नसते. ती सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा किंचित नंतर असते. सगळ्यात उष्ण वेळ सूर्य डोक्यावर आल्यानंतर दोन ते चार तासांनी येते. वसंतातल्या निरभ्र दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात तापमान दहा अंशांनी सहज चढतं. म्हणून चढण असलेली पायवाट सकाळी लवकर सुरू करणाऱ्याला तीन थरांचे कपडे लागतात आणि दुपारी त्यातले दोन पाठीवर वाहावे लागतात. तेवढी जागा पिशवीत ठेवा.

दवबिंदूकडे बहुतेक जण बघतच नाहीत आणि सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांत अडकतात. टक्केवारी फसवी असते. पहाटे १३ अंशांना आर्द्रता ९३ टक्के आणि दुपारी २६ अंशांना ४२ टक्के दिसते, तेव्हा हवा ‘कोरडी झाली’ असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वेळी हवेत बाष्प तेवढंच, दवबिंदू १२ अंश. ॲपमध्ये दवबिंदू नसेल तर काढायची सोपी रीत आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, उरलेल्याला पाचाने भागा, आणि ते तापमानातून वजा करा. २० अंश आणि ६० टक्के म्हणजे १२. आर्द्रता पन्नासच्या वर असताना हे गणित बऱ्यापैकी जमतं.

दवबिंदू १० च्या खाली असेल तर हवा हलकी, ओठ सुकवणारी. १५-१६ पर्यंत सुखाची. १८ च्या वर चिकचिक, आणि २१ च्या वर घाम वाळायचं नाव घेत नाही. शांत निरभ्र रात्री किमान तापमान साधारण संध्याकाळच्या दवबिंदूपाशी येऊन थबकतं, त्यामुळे रात्रीचा अंदाजही याच आकड्यातून मिळतो. शुक्रवारी २ असलेला दवबिंदू रविवारपर्यंत १४ वर चढत असेल तर ती नुसती ऊब नाही. वादळासाठीचं इंधन भरलं जातंय.

वाऱ्याच्या बाबतीत सरासरी वेग सोडून झोतांचा आकडा घ्या. तंबू, छत्री, सायकल आणि उंच गाडी यांना सरासरीशी मतलब नसतो.

सहावी पायरी : उन्हाला ऋतू कळत नाही

हवा उन्हाळ्याहून थंड असते म्हणून वसंतातलं ऊन सौम्य, ही समजूत फार महागात पडते. सूर्याची उंची तारखेवर ठरते. उत्तर गोलार्धात २० एप्रिलला दुपारचा सूर्य जेवढा वर असतो तेवढाच तो २२ ऑगस्टला असतो, कारण दोन्ही तारखा जूनच्या अयनदिनापासून सारख्याच लांब आहेत. ऑगस्टमध्ये टोपी शोधणारा माणूस एप्रिलमध्ये गार वाऱ्यात तासन्‌तास उघड्या मानेने बसतो, आणि कातडी हिवाळाभर झाकलेली असल्यामुळे लवकर पोळते.

अंदाजात अतिनील निर्देशांक बघा. ३ च्या पुढे काळजी घ्यायची, ८ च्या पुढे दुपारची सावलीच बरी. उंचावर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजं बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतं. पातळ ढगांवर विसंबू नका. त्यांतून बराचसा भाग आरपार येतो. मोबाइलला रेंज नसेल तिथे स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

सातवी पायरी : शरीर अजून हिवाळ्यातच आहे

२८ अंश ऐन उन्हाळ्यात कोणी मनावर घेत नाही. वसंतातले पहिले २८ अंश मात्र अंगावर येतात. उष्णतेला सरावायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात : घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण घटतो. सुट्टीच्या तीन दिवसांत पारा १६ वरून २८ वर गेला तर या सरावाला वेळच मिळत नाही. म्हातारी माणसं, लहान मुलं, हृदयाचे रुग्ण आणि हिवाळाभर बसून राहून एकदम लांब पळायला निघालेले उत्साही लोक, या सगळ्यांनी सगळ्यात उष्ण दिवशी मेहनतीचं काम सकाळी अकराच्या आत उरकावं.

उभ्या गाडीचं तर ‘थोडंच गरम आहे’ असं कधीच नसतं. बाहेर जेमतेम २२ अंश असतानाही उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात ४५ च्या पुढे जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फरक पडत नाही. मूल किंवा प्राणी गाडीत ठेवून पाच मिनिटांत येतो म्हणणं वसंतातही चालणार नाही.

आठवी पायरी : हे मोडणार कसं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण सुट्टी बिघडते ती बहुधा शेवटी. तापण्याचं कारण ज्या दिवशी संपतं तो दिवस शोधा आणि तिथे काय येतंय ते बघा.

काही वेळा काहीच नाट्यमय होत नाही. वारा फिरतो, ढग येतात, पारा आठ अंशांनी उतरतो, संपलं. पण दवबिंदू वर असेल, वरच्या थरांत थंड हवा येत असेल आणि आघाडी दुपारी पोचत असेल, तर गडगडाटी वादळ, गारा, झोतांचा वारा यांची तयारी ठेवा. आघाडी पहाटे येत असेल तर तीच परिस्थिती बऱ्याचदा नुसत्या सरींवर भागते. म्हणून समूह अंदाजातली वेळेबाबतची ती दुफळी पुन्हा एकदा बघा.

पावसाची टक्केवारी वाचताना एक घोळ नेहमी होतो. ४० टक्के म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. अशा दहा अंदाजांपैकी चारदा तुमच्या जागी पाऊस पडेल, एवढाच अर्थ. वसंतातल्या विखुरलेल्या वादळांच्या दिवशी ३० टक्के हा आकडा किरकोळ दिसतो, पण त्या तिसांत सापडलेल्याला पूर्ण वादळ भेटतं, तीस टक्के वादळ नव्हे.

त्या दिवशीच्या खुणा आकाशात आधी दिसतात. सकाळी दहाच्या आधीच कापसासारखे ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढू लागले तर दुपार बरी जाणार नाही. ढगाचा माथा पसरून सपाट झाला की वादळ पूर्ण बनलेलं आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा टपाच्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. झाड आणि तंबू यांना आसरा समजू नका.

दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असलेल्यांसाठी याच्याशी जोडलेला एक वेगळा धोका आहे. उबदार, कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत गवताचे परागकण हवेत खच्चून भरलेले असतात. वादळात ते ओले होऊन फुटतात, त्यांचे बारीक तुकडे खालच्या गार झोतांबरोबर पसरतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे तिथल्या वसंताच्या अखेरीस, असंच घडलं. हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला आणि दहा जण दगावले. दम्याचं निदान कधीच न झालेलेही त्रास झालेल्यांत होते. परागकण खूप आणि वादळाचा अंदाज अशी जोडी दिसली तर वादळ येण्याआधी घरात जा, खिडक्या लावा, औषध खिशात ठेवा.

आणि पाऊस न येताच आघाडी गेली तर? मग आगीचा विचार करा. नवं हिरवं गवत यायच्या आधी गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत तसंच उभं असतं. आर्द्रता तीसच्या खाली, झोत ताशी ४० किलोमीटरच्या वर आणि वाऱ्याची दिशा अचानक बदललेली, अशा दुपारी उघड्यावर शेकोटी पेटवू नये. डोंगरउताराच्या वाऱ्याच्या दिवशी तर नाहीच.

शेवटी, कागदावर उतरवा

एवढं झालं की अंदाज चार-पाच ओळींत लिहा. डोक्यात ठेवलेला अंदाज दुसऱ्या दिवशी आपल्याला हवा तसा बदलतो. नमुना म्हणून, एका ६०० मीटर उंचीवरच्या, तळ्याकाठच्या काल्पनिक गावासाठी :

‘शनिवार : बसती हवा. पहाटे २, खोलगट भागात दहिवर आणि नऊपर्यंत धुकं. दुपारी १९, काठावर अकरानंतर गार वारा, तिथे १४. होडी नको, पाणी ८ अंश. रविवार : दक्षिणेचा वारा, झोत ताशी ३५. पहाटे ९, दुपारी २४. दवबिंदू १३ वर. अतिनील ६, लांब चाल अकराच्या आत. सोमवार : दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान आघाडी, भरवसा मध्यम. त्याआधी २३, नंतर तासाभरात १३. वादळाची शक्यता. दुपारी एकपर्यंत रस्त्याला लागायचं.’

प्रत्येक ओळीत आकड्याशेजारी वेळ आहे, आणि जिथे खात्री नाही तिथे ते तसंच लिहिलेलं आहे. बरोबरच्या मंडळींना हाच कागद पाठवा. ॲपचं चित्र पाठवलं तर पुन्हा सूर्यच मोजले जातील.

मग रोज सकाळी तीन गोष्टी पडताळा : पहाटेचं किमान तापमान अंदाजाशी जुळलं का, वारा अपेक्षित दिशेने आहे का, हवेचा दाब उतरू लागला का. किमान तापमान तीन अंशांनी जास्त निघालं तर रात्री ढग होते किंवा उबदार हवा लवकर पोचली. मग पुढचं सगळं वेळापत्रक काही तासांनी अलीकडे ओढा. रविवारी सकाळीच दाब भराभर उतरत असेल आणि दक्षिणेचा वारा ठरल्यापेक्षा जोरात असेल, तर सोमवारची आघाडी बहुधा लवकर येते आहे. अधिकृत संस्थेचा इशारा निघाला असेल तर आपला कागद बाजूला ठेवून तो पाळा. नसेल, तर सोमवारी निघायची वेळ एकवरून दहावर आणा आणि सामान रविवारी रात्रीच बांधून ठेवा.